विंचवाच्या विषाचा शोध

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघाले म्हणजे खेड-शिवापूरच्या परिसरात, भोर तालुक्यातील शिवरे हे गाव लागते. पुढे कापूरहोळास उजवीकडे वळले की भोर, भोरपलीकडे नीरा-देवघरचे पाणी, आणि मग वरंध घाटाची वळणे उतरत रस्ता कोकणात महाडास पोहोचतो. १९४८ साली विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. घाटाखालचे महाड कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. अंमल निराळे होते, परंतु खेडुतांची घरे फारशी निराळी नव्हती. दगडमातीच्या भिंती, परसात सरपणाचा ढीग, ओसरीच्या कोपऱ्यात भाताचे तूस, दाराशी काढून ठेवलेल्या वहाणा. आणि ह्या साऱ्यांच्या आडोशाने राहणारा, दिवसा न दिसणारा आणि रात्री भक्ष्याच्या शोधात बाहेर पडणारा विंचू. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस हा सोबती पिढ्यान्पिढ्यांचा आहे.

विंचवाविषयी मराठी मनाची वृत्ती मोठी चमत्कारिक आहे. ज्याचा मुक्काम कोठेच टिकत नाही, त्याच्याविषयी बोलताना विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे गंमतीने म्हटले जाते. संत एकनाथांनी विंचवाच्या दंशाचे रूपक करून भारूड रचले आणि ते ऐकून श्रोते पोट धरून हसत आले. सापाने माणूस दगावतो आणि विंचवाने तो नुसता रडतो, अशी एक समजूत शहरांतील सुशिक्षित घरांतून कालपरवापर्यंत होती. कोकणातल्या मातीत राबणाऱ्या कुटुंबांना मात्र ही समजूत कधीच परवडण्यासारखी नव्हती. तेथे संध्याकाळी विंचू चावलेले धडधाकट मूल पहाटेपर्यंत हाती लागत नाही, हा अनुभव घरोघरी ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते एवढेच, की हे घडते कसे. आणि ते टाळता येईल काय.

विंचू म्हटले की भय वाटते ते इंगळीचे. आकाराने मोठी, रंगाने काळीकुळकुळीत, नांगी उगारून चालणारी इंगळी पाहिली म्हणजे अंगावर शहारा येतो. तिच्या दंशाने कळ फार येते, परंतु प्राणास अपाय क्वचितच होतो. खरा घातक तो तांबडा विंचू. हा दोन-तीन इंचांचा, तांबूस-पिवळसर रंगाचा आणि दिसावयास क्षुद्र असा प्राणी. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ फाब्रिशियस ह्याने १७९८ साली त्याचे वर्णन करून त्यास शास्त्रीय नाव दिले. पुढे १९०० साली पोकॉक ह्या इंग्रज अभ्यासकाने हिंदुस्थानातील विंचवांची व कोळ्यांची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली, तीत कोकणातील जातीचा निराळा उल्लेख केला. म्हणजे प्राणी ओळखीचा होता, संग्रहालयाच्या बाटलीत त्याचा नमुना होता, पुस्तकात त्याचे पाय आणि नांगीचे पेर मोजून ठेवलेले होते. ज्या बालकाला तो डसला, त्याच्या देहात पुढील बारा तासांत काय काय घडते, ह्याची टिपणे मात्र कोणी केलेली नव्हती.

असे का व्हावे, ह्याचे उत्तर शोधावयास मुंबईच्या परळ भागात जावे लागते. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. शहर ओस पडू लागले, बंदरातील व्यापार बसला, परदेशांनी हिंदी गलबतांवर निर्बंध घातले. तेव्हा सरकारने वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञास पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत काम करून त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडली, तीच १९२५ सालापासून हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या रोगाने राजधानी हादरते, त्याला प्रयोगशाळा मिळते. विंचवाचे तसे नव्हते. त्याने मारलेली माणसे एकेकटी मरत, दूरदूरच्या वाड्यांवर मरत, आणि त्यांच्या मरणाने कोणत्याही बंदरातील जहाज खोळंबत नसे.

तरीही परळच्या ह्या संस्थेत विंचवाची अगदीच उपेक्षा झाली असे म्हणता येणार नाही. तेथे काम करणारे डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि फादर केयस ह्या दोघांनी देशी वनस्पतींची कसून परीक्षा घेतली. सर्पदंशावर रामबाण म्हणून गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या शेकडो मुळ्या, पाने आणि साली त्यांनी प्राण्यांवर पारखून पाहिल्या, आणि विषास उतारा म्हणून त्यांपैकी एकीचाही उपयोग नाही, हा अप्रिय निर्णय १९३१ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, हिंदी विंचवांवरील त्यांचा प्रबंध निघाला. काय चालत नाही हे सिद्ध करणे हेही शास्त्राचे कामच आहे, आणि त्या दोघांनी ते निर्भीडपणे केले. काय चालते हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९६१ साली कोकणातील विंचुदंशाने होणाऱ्या मृत्यूंविषयी डॉ. मुंडले ह्यांचे एक टिपण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. लंडनच्या वाचकांनी ते एक विलक्षण, विरळा प्रकार म्हणून वाचले असेल. कोकणात तो प्रकार विरळा नव्हता. विरळा होती ती त्याची लिखित नोंद.

ह्या पार्श्वभूमीवर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव हिंमतराव साळुबा बावस्कर. जन्म १९५१ सालचा, गाव मराठवाड्यातील देहेड, घरची स्थिती बेताची. मिळेल ते काम करीत शिक्षण पुरे केले आणि नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली. आरोग्य केंद्र म्हणजे काय चीज असे, हे त्या काळच्या ग्रामीण महाराष्ट्राची ज्यांना कल्पना आहे त्यांस सांगावयास नको. मोठ्या इस्पितळातील यंत्रे तेथे नव्हती. रोगी यावयाचा तो खांद्यावर, डोलीत किंवा बैलगाडीत. आणि विंचू चावलेले मूल हाती आले म्हणजे पाठ्यपुस्तक उघडून पाहावे, तर त्यात ह्या विषयाला दोन-चार ओळींपलीकडे जागा नसावयाची.

त्या काळी उपचाराची जी रूढ साधने होती, ती अंदाजाने योजलेली होती. कोणी अ‍ॅट्रोपीन टोचीत, कोणी स्टिरॉइडे देत, कोणी गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण देत. रोगी वाचला तर औषधाने वाचला, गेला तर विषाने गेला, असा हिशेब होता. डॉ. बावस्कर ह्यांनी जे केले ते दिसावयास अगदी साधे होते. ते रोग्यापाशी बसून राहिले. दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब, घाम, उलट्या ह्यांची नोंद करावयाची. रात्र सरेपर्यंत करावयाची. आणि रोगी वाचो अथवा न वाचो, ते टिपण जपून ठेवावयाचे. एका रोग्याचे टिपण म्हणजे एक हकीकत. पन्नास रोग्यांची टिपणे एकाखाली एक मांडली म्हणजे त्यांतून रोगाचा चेहरा दिसू लागतो.

तो चेहरा असा होता. दंशानंतर थोड्याच वेळात रोग्यास उलटी होते. मग सर्वांगास दरदरून घाम सुटतो. हात-पाय थंडगार पडतात. पुरुष रोग्यांत ह्याच वेळी आणखी एक विशिष्ट शारीरिक चिन्ह दिसते, त्यावरून जाणत्या वैद्यास दंशाचे गांभीर्य ओळखता येते. रक्तदाब झपाट्याने चढतो. काही तासांनी चित्र पालटते. नाडी धावू लागते, श्वास लागतो, खोकल्याबरोबर फेस येतो, तो कधी कधी गुलाबी असतो, आणि फुप्फुसांत पाणी होऊन रोगी अक्षरशः कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. म्हणजे मृत्यू येतो तो वेदनेने नव्हे, भयाने नव्हे. तो हृदय आणि फुप्फुसे ह्यांच्या वाटेने येतो.

ह्या निरीक्षणांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोकसमजुतीच्या नेमकी उलट होती. ज्या रोग्यास दंशाच्या जागी असह्य कळ येते, जो आकांत मांडतो, ज्याच्या आरडाओरडीने वाडी जागी होते, तो बहुधा वाचतो. विषाचा प्रभाव जागेपुरताच राहिलेला असतो. ज्याच्या देहात विष पसरले आहे, त्याची कळ मात्र पुष्कळदा सौम्य असते. तो शांत पडून असतो, घामाने भिजलेला, हात-पाय गार. आणि उपचाराने असा रोगी सावरू लागला, की दंशाच्या जागी कळ पुन्हा उठते. ती सुचिन्ह होय.

ह्या एका गोष्टीत शतकांची एक शोकांतिका दडलेली आहे. विंचू उतरवणारा मांत्रिक कळ कोठवर चढली आणि कोठवर उतरली, हेच पाहत असे. कळ कमी झाली म्हणजे विष उतरले, असा त्याचा आणि घरच्यांचाही निर्वाळा. पुष्कळ दंश मुळात सौम्य असल्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत मांत्रिकाचे म्हणणे खरे ठरे, आणि त्याची कीर्ती वाढे. जेथे ते खोटे ठरे, तेथे निवांत झालेल्या मुलाला निजवून घरची माणसे दिवा मालवीत. त्यांत त्यांचा दोष नव्हता. कळ आणि विष ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना सांगणारे तोवर कोणी नव्हते; वैद्यकाच्या ग्रंथांनीही ते सांगितलेले नव्हते.

१९७७ साली ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये विंचुदंश आणि हृदयविकार ह्यांवरील डॉ. बावस्करांचे टिपण आले, आणि १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने धोक्याच्या पूर्वचिन्हांवरील त्यांचा लेख छापला. उलटी, घाम, गार हात-पाय ही चिन्हे दिसली की पुढील काही तासांत हृदयाला धोका आहे, असे निदान कोणतेही यंत्र नसलेल्या खेड्यातही करता येते, हे त्यांतील मर्म होते.

आता विष देहात नेमके काय करते, हे थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. आपल्या मज्जातंतूंतून संदेश वाहतो तो विद्युत्प्रवाहाच्या रूपाने, आणि त्यासाठी तंतूंच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम ह्यांचे कण आतबाहेर करतात. दारे योग्य वेळी उघडली आणि योग्य वेळी मिटली म्हणजे व्यवहार सुरळीत चालतो. तांबड्या विंचवाच्या विषातील काही द्रव्ये सोडियमची दारे मिटू देत नाहीत, काही पोटॅशियमची उघडू देत नाहीत. परिणामी मज्जातंतू सारखे चेतत राहतात आणि अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा देहात पूर लोटतो. वाघ समोर आल्यावर माणसाच्या अंगात क्षणभर जे होते, तेच येथे तासन्तास चालू राहते. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हात-पाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला झुंजावे लागते, म्हणून ते थकते. थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबते आणि त्यातील पाणी फुप्फुसांत झिरपते. लहान मुलाचा देह लहान, विषाची मात्रा तीच. म्हणून बालकांची दशा अधिक वाईट. १९९० साली ह्याच विंचवाच्या विषातून परदेशी संशोधकांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढले, आणि पेशींच्या दारांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही एक उपयुक्त साधन म्हणून वापरले जाते.

रोगाची वाट कळली म्हणजे तिच्यावर नाका कोठे बसवावयाचा, हे ठरविता येते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी.चे शिक्षण घेऊन डॉ. बावस्कर पुन्हा कोकणात परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरील भार उतरेल, ह्या तर्काने त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध योजले. ते गुणकारी ठरले, परंतु थेंबाथेंबाने शिरेतून द्यावयाचे, उजेडापासून जपावयाचे, आणि रक्तदाब क्षणोक्षणी मोजीत राहावयाचे, असे त्याचे सोपस्कार. जेथे शिकलेली परिचारिका मिळणेही दुरापास्त, तेथे हे औषध किती जणांना लाभणार? तेव्हा त्यांची नजर प्राझोसिनकडे वळली. वाढलेल्या रक्तदाबावरील ही एक साधी गोळी. अ‍ॅड्रिनॅलिनचा जो हुकूम रक्तवाहिन्यांना आवळावयास लावतो, तो हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचू न देणारी. स्वस्त, पोटात घेता येण्याजोगी. फार तर रोग्यास काही तास उताणे निजवून ठेवावे लागते, कारण एकदम उठल्यास घेरी येते. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या दोघांच्या सहीने प्राझोसिनच्या अनुभवाचे निवेदन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील ‘हार्ट जर्नल’मध्ये १९९२ साली आणखी सविस्तर लेख आला.

त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या लेखांप्रमाणे प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर दंशाच्या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. पुढे हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. आकड्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. ह्याच वर्षांत रस्ते झाले, वाहने आली, रोगी लवकर पोहोचू लागले. सगळे श्रेय एका गोळीला देणे न्याय्य होणार नाही. शिवाय अर्ध्या मुलांना औषध द्यावे आणि अर्ध्यांना मुद्दाम देऊ नये, अशी परीक्षा करावयास कोणता वैद्य धजेल? तथापि मृत्यूची वाट ठाऊक असणे आणि त्या वाटेवर नेमका अडसर घातल्यावर मृत्यू थांबणे, ह्या दोन गोष्टींची सांगड लागल्यावर फारसा संशय उरत नाही.

पण शास्त्राची कथा येथेच संपती, तर ती केवळ एका विजयाची कथा झाली असती. खरा इतिहास ह्यापुढे आहे. विषावर औषध म्हणजे प्रतिविष, ही कल्पना जुनी. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून विषाला निष्प्रभ करणारा रस काढावयाचा, ही सर्पदंशावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सिद्ध झालेली रीत चार्ल्स टॉड ह्याने १९०९ साली ईजिप्तमध्ये विंचवासाठी वापरली. मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया ह्या देशांतही विंचू हा आपल्यासारखाच जुना शत्रू, आणि तेथेही त्यावर प्रतिविषे तयार झाली. आपल्याकडे हाफकिनने तांबड्या विंचवाचे प्रतिविष बनविले. मुंबईतील काही संशोधकांनी इन्शुलिनचा निराळाच मार्ग पुढे मांडला. मग वाद सुरू झाला, की खरे औषध कोणते? विषालाच पकडणारे प्रतिविष, की विषाने उठविलेले वादळ शमविणारी गोळी?

जगातील उत्तरे परस्परविरुद्ध होती. १९९९ साली ट्युनिशियातील ८२५ रोग्यांच्या परीक्षेत प्रतिविष सरसकट सर्वांना देण्याने लाभ होत नाही असे दिसले. २००९ साली अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना प्रांतातील १५ गंभीर आजारी बालकांची परीक्षा प्रसिद्ध झाली. तीत प्रतिविष मिळालेली आठही बालके चार तासांत सावरली, आणि न मिळालेल्या सातांपैकी केवळ एक. देश निराळा, विंचू निराळा, विष निराळे. एका ठिकाणचा निर्णय दुसऱ्या ठिकाणी उसना घेता येत नाही, एवढाच ह्याचा अर्थ. कोकणातील प्रश्नाचे उत्तर कोकणातच शोधावे लागणार होते.

डॉ. बावस्करांचे स्वतःचे मत प्राझोसिनच्या बाजूचे होते आणि २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवातही प्रतिविष त्यांना प्राझोसिनहून सरस वाटले नव्हते. ज्या औषधाशी आपले नाव कायमचे जोडले गेले आहे, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पुन्हा संधी देणे सोपे नसते. परंतु त्यांनी महाडच्या आपल्या इस्पितळात रीतसर परीक्षा मांडली. गंभीर होऊ घातलेले ७० रोगी. कोणास काय द्यावयाचे ह्याचा निर्णय वैद्याच्या मर्जीवर न ठेवता दैवगतीने. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष. कोणीही उपचारावाचून राहिला नाही. निकाल २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोन्ही औषधे मिळालेले रोगी सरासरी सुमारे ८ तासांत पूर्ववत झाले. नुसत्या प्राझोसिनवरील रोग्यांना सुमारे १८ तास लागले. म्हणजे लेखकांच्या पूर्वीच्या मताला त्यांच्याच परीक्षेने दुरुस्ती सुचविली, आणि ती दुरुस्ती त्यांनी आपल्याच सहीने जगापुढे ठेवली. १९३१ साली म्हसकरांनी औषधी मुळ्यांविषयी जो अप्रिय निर्णय दिला, त्याच सचोटीचा हा पुढचा धडा होय. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्कर ह्यांस पद्मश्री दिली.

ह्या साऱ्या हकीकतीवरून एक प्रश्न सहज उद्भवतो. हा शोध मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेत का लागला नाही? तेथे विद्वान होते, सूक्ष्मदर्शके होती, द्रव्यही होते. परंतु तेथे रोगी नव्हता. विंचू चावलेले मूल पुण्या-मुंबईच्या इस्पितळात पोहोचे तोवर बहुधा त्याचा निकाल एकीकडे वा दुसरीकडे लागलेला असे. रोगाचे पहिले सहा तास पाहावयास मिळत ते बिरवाडीच्या कंदिलाच्या उजेडात, आणि नेमक्या त्याच सहा तासांत रोगाचे रहस्य होते. दरिद्री नव्हे आणि श्रीमंतही नव्हे, अशा मधल्या स्थितीतील देशांचा हा विशेष प्रश्न आहे. त्यांच्यापाशी उत्तम प्रयोगशाळा असतात आणि दुर्गम वाड्याही असतात. परंतु एकीचे ज्ञान आणि दुसरीचे दुःख ह्यांची गाठ क्वचित पडते. ज्याला शहरात अपूर्व रोगी म्हणतात, तो खेड्यात नित्याचा असतो. त्याला अपूर्व ठरविते ते टिपणवहीचे दारिद्र्य.

संशोधकांच्या २००८ सालच्या एका अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी १२ लाखांहून अधिक माणसांस विंचू डसतो आणि सुमारे ३,२५० माणसे त्यामुळे मरतात. अंदाज एवढ्यासाठी म्हणावयाचे, की जे मूल आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे मरण कोणत्याही कोष्टकात येत नाही.

उपाय हाती आला, तरी तो रोग्यापर्यंत पोहोचणे हे निराळे काम आहे, आणि ते कधीच पुरे होत नसते. आरोग्य केंद्राच्या कपाटात गोळी आणि प्रतिविष असावे लागते. नव्याने बदलून आलेल्या तरुण डॉक्टरला पूर्वचिन्हे ठाऊक असावी लागतात. आणि घरच्यांनी रोग्याला वेळेवर आणावे लागते. दंश आणि गोळी ह्यांमधील तास जितके कमी, तितकी आशा अधिक. मंत्राने विष चढत नाही हे खरे. परंतु मंत्र चालू असतो तेवढा वेळ निघून जातो, आणि विषाला तेवढाच वेळ हवा असतो.

शिवऱ्याच्या परिसरातून पुण्याला आणि मुंबईला गेलेली कितीतरी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पावसाच्या तोंडाशी गावी परततात. विंचू बाहेर पडण्याचे दिवस तेच. मुले अंधारात परसात धावतात, सरपण ओढतात, वहाणा न झटकता पायांत घालतात. ह्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे असे ज्ञान फार मोठे नाही. विंचू डसलेले मूल रडावयाचे थांबले, की आपण सुटलो असे मानून त्याला निजवू नये. आईने त्याच्या तळहाताला हात लावून पाहावा. तो गार आहे काय, कपाळावर घाम आहे काय, उलटी झाली काय, एवढेच पाहावे. आणि तसे असेल तर उजाडण्याची वाट न पाहता दवाखान्याची वाट धरावी. बिरवाडीच्या त्या टिपणवहीतील रात्रीमागून रात्रींचे सार एवढ्या तीन प्रश्नांत आले आहे, आणि ते विचारावयास तळहातावाचून दुसरे साधन लागत नाही.